हाडांची राख, ७०० रुपये आणि एक कारखाना : क्षारांवर आयुष्य घालवणारे आचार्य प्रफुल्लचंद्र रे

जून उजाडला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पाऊस आणि दुसरी डीएपीची गाडी. दारव्हा असो, आर्णी असो की पांढरकवडा, कृषी केंद्रासमोर लोक सकाळपासून उभे असतात. कपाशी लावायची तर बुडाशी खत पाहिजे. डीएपी मिळाली नाही तर मग सुपर घ्या, असं दुकानदार सांगतो.

पण त्या बॅगेत नेमकं असतं काय?

डीएपीमध्ये असतं फॉस्फोरिक आम्ल आणि अमोनिया. पहिलं आम्ल, दुसरा आम्लारी. दोघंही वेगवेगळे असताना अंगावर पडले तर कातडीची वाट लावतील. पण एकत्र आले की दोघांचाही जोर ओसरतो आणि हातात धरता येईल असा दाणा तयार होतो. रसायनशास्त्रात या दाण्याला म्हणतात क्षार.

शाळेत आपण सगळ्यांनी एक ओळ पाठ केलेली असते. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. दोन मार्कांचा प्रश्न. पेपरात लिहिला आणि विसरलो.

याच दोन मार्कांच्या प्रश्नावर एका माणसाने आपलं अख्खं आयुष्य लावलं. डॉक्टरेट क्षारांवर, गाजलेला शोध क्षाराचा आणि उभारलेल्या कारखान्याचे सुरुवातीचे मालही क्षारच. त्यांचं नाव आचार्य प्रफुल्लचंद्र रे.

आधी क्षार म्हणजे काय ते समजून घेऊ

क्षार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बोअरवेलचं खारं पाणी किंवा जेवणातलं मीठ येतं. रसायनशास्त्रात मात्र मीठ हा हजारो क्षारांपैकी फक्त एक. मोरचूद हा क्षार, तुरटी हा क्षार, हिराकस हा क्षार, खाण्याचा सोडासुद्धा क्षारच.

हे तयार कसे होतात? आम्ल पाण्यात गेलं की हायड्रोजनचे धनभारित कण सोडतं. आम्लारी पाण्यात गेला की हायड्रॉक्साइडचे ऋणभारित कण सोडतो. हे दोन कण एकमेकांना भेटले की त्यांचं साधं पाणी होतं. आम्लाचा चटका हायड्रोजनच्या कणांमुळे असतो आणि आम्लारीचा दाह हायड्रॉक्साइडमुळे. दोन्ही पाण्यात बदलले, म्हणजे भांडण संपलं. यालाच उदासिनीकरण म्हणतात. मागे उरतो आम्लाचा एक भाग आणि आम्लारीचा एक भाग. त्या दोघांची जोडी म्हणजे क्षार.

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा एकत्र केले तर उरतं मीठ. नायट्रिक आम्ल आणि कॉस्टिक पोटॅश एकत्र केले तर उरतो सोरा. अमोनियाच्या बाबतीत थोडा फरक आहे. तो आम्लाकडचा हायड्रोजन थेट आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे पाणी वेगळं निघत नाही, पण क्षार तयार होतोच.

क्षार बनवायला दरवेळी आम्लारीच लागतो असंही नाही. आम्लात लोखंडासारखा धातू टाकला तरी क्षार होतो, हायड्रोजन वायू उडून जातो. लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकल्यावर फेस येतो तोही याच खानदानातला प्रकार. तिथे कार्बन डायऑक्साइड उडतो आणि मागे सायट्रिक आम्लाचा क्षार उरतो.

यातली खरी गंमत अशी की तयार झालेल्या क्षाराला आपला भूतकाळ आठवत नाही. मीठ समुद्रातून आलं काय नि प्रयोगशाळेतल्या दोन बाटल्यांतून आलं काय, शुद्ध असेल तर ते एकच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हाडांच्या किस्स्यात ती कामाला येणार आहे.

आजारपणाने वाचनाची गोडी लावली

प्रफुल्लचंद्र रे यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ चा. गाव राडुली, तेव्हाचा जेसोर जिल्हा, आज हा भाग बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र रे जमीनदार होते. त्यांना पुस्तकांचा नाद, घरात मोठा ग्रंथसंग्रह. मुलांच्या शिक्षणासाठी १८७० मध्ये कुटुंब कलकत्त्याला आलं आणि प्रफुल्लचंद्र हेअर स्कूलमध्ये जाऊ लागले.

१८७४ मध्ये त्यांना जोरदार आमांश झाला. आजार इतका बळावला की शाळा सोडून गावी परतावं लागलं. पचनाची तक्रार जन्मभर पाठीशी राहिली. पण घरी पडून असताना या पोराने वडिलांची पुस्तकं वाचून काढली. इतिहास, इंग्रजी साहित्य, थोरामोठ्यांची चरित्रं, जे हाती येईल ते.

बरे झाल्यावर पुन्हा कलकत्ता. शाळा संपवून ते ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. तिथे विज्ञानाची सोय तोकडी होती, म्हणून रसायनशास्त्राची व्याख्यानं ऐकायला ते प्रेसिडेन्सी कॉलेजात जायचे. प्राध्यापक अलेक्झांडर पेडलर तिथे प्रयोग करून दाखवत. इतिहासात रमणारा हा पोरगा त्या प्रयोगांमुळे रसायनशास्त्राकडे वळला.

त्या काळी गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती नावाची अवघड परीक्षा असायची. घरच्यांना फारसा पत्ता न लागू देता त्यांनी तिची तयारी केली. त्या वर्षी ती दोन भारतीयांना मिळाली. एक मुंबईचे पारशी विद्यार्थी बहादूरजी आणि दुसरे प्रफुल्लचंद्र. १८८२ मध्ये ते एडिनबर्गला गेले.

मोरचुदाच्या भाऊबंदांवर डॉक्टरेट

एडिनबर्ग विद्यापीठात अलेक्झांडर क्रम ब्राउन यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतलं. १८८५ मध्ये बी.एस्सी. आणि १८८७ मध्ये डी.एस्सी. प्रबंधाचा विषय होता तांबे आणि मॅग्नेशियम गटातल्या धातूंचे जोड सल्फेट.

जोड सल्फेट म्हणजे काय? सल्फ्युरिक आम्लाचे दोन वेगवेगळे क्षार एकाच स्फटिकात नांदू लागतात. दाढी झाल्यावर गालावर फिरवायची तुरटी हे त्याचं घरातलं उदाहरण. तिच्यात पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम अशा दोन धातूंचे सल्फेट एकत्र असतात. रे यांच्या अभ्यासात तांब्याचं सल्फेट होतं, म्हणजे आपलं मोरचूद. संत्र्याच्या बागेत फवारायचं बोर्डो मिश्रण ज्यापासून बनतं तेच. मोरचुदाचं पाणी आम्लधर्मी असतं, ते पिकाला भाजू नये म्हणून त्यात चुन्याची निवळी मिसळतात. आमच्या वणी तालुक्यातल्या राजूरला चुनाभट्ट्या आहेत. तिथे चुनखडक भाजून जो चुना काढतात, तो विझवला की असाच आम्लारी होतो.

रे एडिनबर्गला होते त्याच काळात स्वीडनमध्ये स्वान्ते अऱ्हेनियस नावाचा तरुण पाण्यात क्षारांचे भारित कण सुटे होतात, असं मांडत होता. १८८४ मधल्या त्याच्या प्रबंधाला परीक्षकांनी जेमतेम पास केलं. पुढे याच कामासाठी त्याला १९०३ चं नोबेल मिळालं. वर आपण पाहिलेलं स्पष्टीकरण त्याचंच. म्हणजे शाळेच्या पुस्तकातली ती ओळ रे विद्यार्थी असताना नुकती आकार घेत होती.

डॉक्टरेट आहे, पण नोकरी नाही

१८८८ मध्ये रे भारतात परतले. खिशात विलायतेची डॉक्टरेट, पण हाताला काम नाही. सरकारी शिक्षणखात्यात वरच्या श्रेणीच्या जागा बहुतेक इंग्रजांसाठी असत. जवळपास वर्षभर त्यांना वाट पाहावी लागली. या काळात शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांच्या घराचा त्यांना मोठा आधार होता.

१८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात तात्पुरती नोकरी मिळाली. पगार महिना २५० रुपये. तेवढीच पदवी असलेला इंग्रज त्याच खात्यात वरच्या श्रेणीत, कितीतरी जास्त पगारावर बसायचा. हा सल त्यांच्या मनात राहिला. पण त्याहून मोठी काळजी वेगळीच होती. आपण शिकवलेली पोरं पदवी घेऊन करणार काय? सगळे कारकुनीच्या मागे. बाजारात पाहावं तर औषधं आणि रसायनं विलायतेहून येतात, आणि त्यासाठी लागणारा बराच कच्चा माल इथेच पडलेला.

म्हणून त्यांनी ठरवलं, माल इथेच बनवायचा.

गच्चीवर हाडं आणि दारात पोलीस

राहत्या घरी, ९१, अप्पर सर्क्युलर रोड इथे त्यांनी प्रयोग सुरू केले. आधी लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल काढून पाहिलं, पण कलकत्त्याच्या बाजारात लिंबूच इतकं महाग की हिशेब जमेना. मग सज्जीमातीतून सोडा काढायचा प्रयत्न केला. विलायतेचा सोडा त्याहून स्वस्त पडायचा. तोही बेत गुंडाळला.

जमलं ते हिराकस. भंगारातलं लोखंड सल्फ्युरिक आम्लात टाकलं की हायड्रोजन उडून जातो आणि हिरवट स्फटिक तयार होतात. भंगाराला तोटा नव्हता, हिराकसाला गिऱ्हाईक होतं.

दुसरा माल होता सोडियम फॉस्फेट, हे औषधात लागायचं. फॉस्फेट कुठून आणायचं? तर हाडांतून. हाडात मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट असतं, म्हणजे तोही क्षारच, पण पाण्यात न विरघळणारा. हाडं जाळून राख करायची. तिच्यावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली की कॅल्शियमचा बराच भाग जिप्सम होऊन खाली बसतो आणि वर राहतं आम्लधर्मी, विरघळणारं फॉस्फेट. मग त्यात धुण्याचा सोडा घालायचा. फसफसून उदासिनीकरण होतं, गाळून आटवलं की सोडियम फॉस्फेटचे स्फटिक मिळतात.

कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात रे यांनी खाटकांकडून पोत्यांनी हाडं आणली आणि घराच्या गच्चीवर वाळत घातली. नेमका पाऊस आला. हाडांना चिकटलेलं मांस सडलं, वास सुटला, कावळे घिरट्या घालू लागले. शेजारीपाजारी वैतागले. शेवटी सगळी हाडं तिथून हलवून दूर नेऊन जाळावी लागली. तर तिथे पोलिसांना संशय, की इथे कुणा माणसाचा काटा काढून पुरावा जाळत आहेत की काय! त्यांची समजूत घालता घालता नाकी नऊ आले.

पोलिसांचा प्रश्न सुटला, समाजाचा उरला. तो काळ १८९० च्या दशकाचा. गाईगुरांच्या हाडांपासून केलेली वस्तू औषध म्हणून घ्यायची, हे सनातनी घरांत कोण ऐकून घेणार? आणि रे स्वतः हिंदू कॉलेजकुमारांनी भरलेल्या वर्गात शिकवत होते.

त्यांनी यावर भाषण दिलं नाही. वर्गात हाडाचा तुकडा ज्वालेत धरून पांढरी राख होईपर्यंत जाळला. आणि मुलांच्या देखत ती राख चिमटीने उचलून तोंडात टाकली.

मुलांना सांगायचं होतं ते एवढंच. ही राख आता कॅल्शियम फॉस्फेट आहे. ती गाईची, म्हशीची की आणखी कुणाची, हे जगातला कुठलाही रसायनतज्ज्ञ सांगू शकणार नाही. सोवळं-ओवळं आपल्या डोक्यात असतं, क्षारात नसतं. ब्राह्मो समाजाच्या विचारात वाढलेल्या या माणसाने जातीविरुद्धही आयुष्यभर लिहिलं-बोललं, पण राखेची ती चिमूट त्या सगळ्यापेक्षा लवकर पटणारी होती.

१८९२ मध्ये ७०० रुपयांच्या भांडवलावर बेंगाल केमिकल सुरू झालं. दिवसा कॉलेज, संध्याकाळी कारखाना. डॉक्टर अमूल्यचरण बोस यांनी डॉक्टर मंडळींमध्ये देशी औषधांचा प्रचार केला. पण १८९८ च्या प्लेगने अमूल्यचरण गेले. सतीशचंद्र सिन्हा हा तरुण सहकारी त्याआधीच प्रयोगशाळेतल्या विषारी प्रुसिक आम्लाने दगावला होता. दोन जिवाभावाची माणसं गमावूनही रे मागे हटले नाहीत. १९०१ मध्ये बेंगाल केमिकल लिमिटेड कंपनी झाली आणि पुढे माणिकतळ्याला मोठा कारखाना उभा राहिला. तिथे सल्फ्युरिक आम्लही बनू लागलं. क्षार बनवायचे तर आधी आम्ल आपलं पाहिजे, हे गच्चीवरच्या दिवसांनी शिकवलं होतं.

पिवळे स्फटिक

रे यांचा सर्वात गाजलेला शोध म्हणजे मर्क्युरस नायट्राइट. १८९५ च्या सुमारास त्यांना पाऱ्याचं एक संयुग बनवायचं होतं. त्याची पहिली पायरी म्हणून पाऱ्यावर थंड, पातळ नायट्रिक आम्ल ओतून ठेवलं. अपेक्षा होती मर्क्युरस नायट्रेटची. थोड्या वेळाने पाहतात तर पाऱ्यावर पिवळे स्फटिक.

पहिला अंदाज असा, की हा आम्लारीधर्मी क्षार असावा, म्हणजे ज्यात आम्लारीचा काही भाग उदासीन न होता शिल्लक राहिलेला असतो. पण लगेच शंका आली. भांड्यात तर आम्ल भरपूर होतं. एवढ्या आम्लात आम्लारी शिल्लक राहीलच कसा? ज्याला शाळेतला नियम नीट कळला आहे त्यालाच ही शंका येऊ शकते.

त्यांनी पृथक्करण केलं. निघालं असं, की पाऱ्याशी झगडताना नायट्रिक आम्लातला थोडा ऑक्सिजन कमी होऊन नायट्रस आम्ल बनलं होतं आणि पिवळे स्फटिक त्याचे क्षार होते. नायट्रस आम्ल स्वतः फार अस्थिर, बाटलीत साठवून ठेवता येत नाही. त्याचा पाऱ्याबरोबरचा क्षार मात्र टिकाऊ निघाला. १८९६ मध्ये हा निबंध एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगालच्या नियतकालिकात आला आणि विलायतेच्या नेचर मासिकानेही त्याची दखल घेतली.

त्यानंतर कित्येक वर्षं ते नायट्राइटच्या मागे होते. १९१२ मध्ये लंडनला त्यांनी अमोनियम नायट्राइटवरचं काम मांडलं. अमोनिया आणि नायट्रस आम्लाचा हा क्षार तापवला की मोडतो, त्याचं पाणी आणि नायट्रोजन होतं. पण दाब कमी ठेवून काळजीपूर्वक तापवलं तर त्याची वाफ होऊ शकते, हे रे यांनी दाखवलं. नोबेल मिळालेले विल्यम रॅमसे यांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं.

पगार ८००, खर्च ४०

रे यांनी लग्न केलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यात असताना रे त्यांचे शेजारी होते. दोघांचं चांगलं जमायचं. तेव्हा गांधीजी गोखल्यांकडे महिनाभर मुक्कामाला होते. गोखल्यांनी त्यांची रे यांच्याशी ओळख करून देताना सांगितलं, की या प्राध्यापकाचा पगार ८०० रुपये आहे, त्यातले ४० स्वतःला ठेवून बाकीचे हा लोकांच्या कामाला देतो. गांधीजींनी आत्मकथेत ही आठवण नोंदवली आहे.

१९१६ मध्ये प्रेसिडेन्सीतून निवृत्त होऊन ते कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात पालित प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये साठी गाठल्यावर तिथला सगळा पगार विद्यापीठाला देऊन टाकला आणि पुढची पंधरा वर्षं तसंच शिकवलं. राहणं कॉलेजच्याच एका खोलीत. १९२२ मध्ये उत्तर बंगालला महापूर आला तेव्हा मदतकार्याची धुरा याच साठीच्या, पोटाचा विकार असलेल्या म्हाताऱ्याने उचलली. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन केमिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होते.

त्यांच्या विद्यार्थ्यांची यादी पाहिली की डोळे फिरतात. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस हे त्यांच्याच वर्गात बसलेले. ज्ञानचंद्र घोष यांनी क्षारांचे कण पाण्यात कसे वागतात यावर काम केलं आणि पुढे ते खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले. नीलरतन धर यांनी अलाहाबादला जमिनीतला नत्र आणि चोपण जमिनींची सुधारणा यावर हयात घालवली.

१६ जून १९४४ रोजी सायन्स कॉलेजच्या त्याच खोलीत आचार्य रे यांचं निधन झालं. वय ८२. २०११ मध्ये इंग्लंडच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने त्यांच्या स्मरणार्थ रासायनिक वारशाचा फलक दिला. युरोपबाहेर असा फलक पहिल्यांदाच दिला गेला. बेंगाल केमिकल पुढे सरकारी कंपनी झाली, ती आजही चालू आहे.

पुन्हा खताच्या बॅगेकडे

आता कृषी केंद्रासमोरच्या रांगेत परत येऊ. डीएपी संपलं की दुकानदार जे सुपर हातात ठेवतो, त्याचं पूर्ण नाव सिंगल सुपर फॉस्फेट. ते कसं बनतं? रॉक फॉस्फेट नावाच्या दगडाची भुकटी करायची आणि तिच्यावर सल्फ्युरिक आम्ल टाकायचं. न विरघळणारं फॉस्फेट विरघळणारं होतं, सोबत जिप्सम तयार होतं. म्हणजे रे यांनी हाडांच्या राखेवर केलेली तीच पहिली पायरी, फक्त राखेच्या जागी दगड.

आपल्या काळ्या मातीत चुना जास्त आणि सामू बहुतेक ठिकाणी सातच्या वर. त्यामुळे खतातलं विरघळलेलं फॉस्फेट मातीतल्या कॅल्शियमशी पुन्हा जोडी जमवतं आणि मुळांना न मिळणारा क्षार बनून अडकून बसतं. म्हणून फॉस्फेटचं खत वरून फेकण्यापेक्षा बियाण्याजवळ, मातीत पेरून द्या, असं कृषी विभाग सांगतो. शाळेतल्या त्या ओळीचा हिशेब असा थेट शेतकऱ्याच्या खिशापर्यंत येतो.

आणि रांग का लागते? एक कारण असं, की फॉस्फेटच्या खतांना लागणारा बहुतांश दगड, फॉस्फोरिक आम्ल आणि बरंचसं तयार डीएपीही आपण परदेशातून आणतो. तिकडे भाव वाढले किंवा जहाज अडकलं, की इकडे पेरणीच्या तोंडावर बॅग मिळत नाही. क्षार बनवण्याची विद्या आपल्याकडे आली, कारखाने आले, पण दगड आणि आम्लासाठी अजून दुसऱ्याच्या दाराकडे पाहावं लागतं. ७०० रुपये आणि गच्चीभर हाडं घेऊन रे ज्या प्रश्नाच्या मागे लागले होते, त्यातला अर्धा सुटला आहे. उरलेला अर्धा दरवर्षी जूनमध्ये कृषी केंद्रासमोर रांगेत उभा असतो.